टाळ, टॅब आणि तीनशे रुपये

प्रस्तुत लेखकाच्या मातोश्री ज्या महिला भजनी मंडळात आहेत, त्या मंडळात बारा जणी, एक पेटी, एक ढोलकी आणि अभंगांची एकच वही आहे. वही मधोमध ठेवली की निम्म्या जणींना ती उलटी दिसते. उरलेल्या निम्म्या जणींना ती दिसतच नाही, कारण त्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात. मग ज्यांना पाठ आहे त्या पुढे धावतात, ज्यांना अर्धवट पाठ आहे त्या शेवटचं अक्षर पकडून मागून येतात, आणि तिसऱ्या चरणापाशी दोन वेगवेगळे अभंग एकाच चालीत सुखाने नांदू लागतात.

लेखक पेशाने सॉफ्टवेअरवाला. असा माणूस घरात असला की त्याच्याकडून दोनच अपेक्षा असतात: प्रिंटर चालू करून देणे आणि फोनमधली जागा मोकळी करून देणे. लेखकाला दोन्ही जमत नाही. त्यामुळे "आमच्या अभंगांचं काहीतरी कर रे" असं आईने म्हणताच त्याने अब्रू सावरायची संधी साधली आणि दोन रात्रींत ॲप तयार केलं. कपाटातला जुना टॅब, पिवळसर पान आणि पेरूएवढी अक्षरं. मंडळ खूश झालं.

"पण पान कोण उलटणार?" आईने विचारलं.

"बोटाने असं सरकवायचं."

"आणि टाळ काय तोंडात धरू?"

पियानो वाजवणाऱ्यांचीही हीच अडचण असते. त्यांच्यासाठी पायाने दाबायचं तयार पेडल बाजारात मिळतं. लेखकाने किंमत पाहिली. चार हजार रुपये. एका बटणाला चार हजार! लेखकाचा जन्म पुण्यातला. दुकानदाराने किंमत सांगितली की आपल्या अज्ञानाचा फायदा घेतला जातोय, असं त्याला आपोआप वाटतं. तो तिथल्या तिथे म्हणाला, "हे मी तीनशेत करून दाखवतो."

त्याच्या पत्नीने काही न बोलता फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: ३००.

त्या रात्री जेवताना लेखकाने घराला इतिहास ऐकवला. जगातला पहिला माऊस १९६४ च्या सुमारास तयार झाला, तो लाकडाच्या ठोकळ्याचा होता. डग्लस एंगेलबार्टची कल्पना आणि बिल इंग्लिशची कारागिरी. खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एक बटण, बस्स. पुढे झेरॉक्सवाल्यांनी त्याचा इतका थाटमाट केला की एक माऊस ३०० डॉलरच्या घरात गेला. मग १९८० साली स्टीव्ह जॉब्स डीन हव्ही नावाच्या तरुण डिझायनरकडे गेला आणि त्याने तोच माऊस पंधरा डॉलरच्या आत मागितला. हव्ही दुकानात गेला. काखेत फिरवायच्या रोल-ऑन डिओडरंटच्या बाटल्या आणि एक लोण्याचं भांडं घेऊन आला. बाटलीतला गोळा काढला, वर भांडं उपडं घातलं, आणि अ‍ॅपलच्या माऊसचा पहिला ओबडधोबड नमुना तयार झाला.

"म्हणजे थोर माणसं घरातल्या वस्तूंपासूनच सुरुवात करतात," लेखकाने समारोप केला.

पत्नीने उठून तुपाचं भांडं वरच्या फळीवर नेऊन ठेवलं.

पहिला बेत फुकटातला होता. कीबोर्डवर पुढचं पान दाखवणारं बटण असतंच, मग कीबोर्डची आतली चिमुकली पट्टी काढून त्या एकाच बटणाच्या दोन तारा बाहेर घ्यायच्या. रविवारी जुन्या बाजारात जाऊन लेखकाने ऐंशी रुपयांना एक कीबोर्ड आणला. विक्रेत्याने शंभर सांगितले होते, त्यामुळे वीस रुपये वाचल्याचा आनंद घेऊन तो घरी आला. कीबोर्ड उघडला. आत प्लॅस्टिकचे पातळ पारदर्शक कागद निघाले आणि पोस्टाच्या चार तिकिटांएवढी एक पट्टी. पट्टीच्या कडेला दातांसारख्या रेघांची रांग. यातल्या कुठल्यातरी दोन रेघा जोडल्या की हवं ते बटण दाबल्यासारखं होणार. कुठल्या दोन, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

दुपारी जेवणानंतर शोध सुरू झाला. लेखक तारेची दोन टोकं दोन रेघांना लावी आणि लॅपटॉपवर काय होतं ते पाही. कधी ७ उमटे, कधी खिडकी मिटे, एकदा लॅपटॉपच झोपी गेला. साडेचार वाजता बरोबर जोडी सापडली. आनंदाने लेखकाने सोल्डरिंगचं हत्यार तापवलं आणि तेव्हा त्याला कळलं, की असल्या पट्टीवरच्या त्या काळ्या रेघा तांब्याच्या नसतात, त्यांच्यावर कार्बनचा लेप असतो. कथील त्याला धरत नाही. नुसतं पाण्यावरच्या तेलासारखं गोळा होऊन घरंगळतं. अधिक जोर लावला तर मात्र लेप निघून येतो. लेखकाने अधिक जोर लावला.

फ्रिजवरचा कागद: कीबोर्ड ८०. सोल्डरिंगचं हत्यार ३५०. कथलाची तार १५०.

"अहो, तीनशे झाले की," पत्नी म्हणाली.

"ते हत्यार आयुष्यभर राहील. ते यात धरायचं नसतं."

दुसरा बेत आर्डुइनोचा. हा पत्त्याच्या पानाहून जरासा छोटा निळा बोर्ड इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली जन्मला, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना खिशाला परवडेल असं काहीतरी मिळावं म्हणून. त्याला नाव मिळालं ते गावातल्या एका बारचं, जिथे ही मंडळी बसत. आणि बारला नाव होतं अर्दुइनो राजाचं. हा राजा १००२ साली इटलीच्या गादीवर बसला, गादीसाठी वर्षानुवर्षं भांडला, आणि शेवटी सगळं सोडून मठात जाऊन राहिला. त्याच्या नावाच्या बोर्डाशी चार रात्री झुंजल्यावर लेखकाला त्या राजाचं मन पूर्णपणे कळलं.

बोर्ड घ्यायला लेखक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेला. या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं काय मिळत नाही हे सांगणं कठीण आहे. आपल्याला काय हवंय हे सांगणं त्याहून कठीण.

"एक बटण हवंय. पायाने दाबायचं."

"मोमेंटरी का लॅचिंग?"

लेखक वीस वर्षं संगणकाच्या धंद्यात आहे. त्याने डोळे किंचित बारीक करून विचार केल्यासारखं केलं.

"दाबल्यावर दाबलेलं राहायला हवं का सुटायला हवं, काका?" दुकानातल्या पोराने लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं.

'काका' ऐकून लेखक इतका खचला की तो सांगतील ते घेत सुटला. पायाचं बटण २५०, बोर्ड ५५०, आणि पोराने "मीटर आहे ना घरी?" असं विचारल्यावर 'नाही' म्हणायची लाज वाटून एक मल्टिमीटर ४००. बाहेर आला तर दुचाकी उचलून नेलेली. ती सोडवायला ७५० लागले, आणि हा खर्च प्रकल्पात धरायचा की घरखर्चात, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

घरी आल्यावर कळलं की आणलेला बोर्ड कीबोर्डचं सोंग घेऊच शकत नाही. 'उनो' नावाच्या या बोर्डावरच्या मुख्य चिपला यूएसबीची भाषा येत नाही, शेजारची दुसरी चिप तिच्यासाठी दुभाष्याचं काम करते. टॅबने कीबोर्ड म्हणून ओळखायला हवं असेल तर वेगळी चिप असलेला 'प्रो मायक्रो' लागतो. तो ६५०. टॅबला जोडायची केबल १२०. या खेपेला लेखक बसने गेला.

प्रो मायक्रो खरोखरच गुणी. अंगठ्याएवढा जीव, पण लॅपटॉपला जोडला की "मी कीबोर्ड" असं छातीठोक सांगतो आणि लॅपटॉप त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. चाचणी म्हणून लेखकाने त्याला फक्त "राम" टाइप करायला सांगितलं. शुभ सुरुवात. किती वेळा टाइप करायचं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

बोर्डाने राम म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग तो म्हणतच राहिला. ज्या खिडकीत प्रोग्राम लिहिलेला, त्याच खिडकीत तो राम राम लिहू लागला, त्यामुळे प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला की त्याच्या मधोमध तीस राम येऊन बसत. घाबरून लेखकाने खिडकी बदलली. बदलली ती ऑफिसच्या चॅटची निघाली. रात्री पावणेबाराला त्याच्या मॅनेजरला एकामागून एक राम जाऊ लागले. लेखकाने केबल उपटली तोवर दोन पानं भरली होती.

मॅनेजरचं उत्तर लगेच आलं: "अरेरे. घरी कोण गेलं? सुट्टी टाकली तरी चालेल."

(जाणत्यांचा नियम असा की बोर्डाला टाइप करू देण्याआधी त्याला थांबवायची सोय करावी. हा नियम आर्डुइनोच्या माहितीपत्रकात ठळकपणे दिलेला आहे. माहितीपत्रक वाचायचं असतं.)

पुढच्या रात्री पायाचं बटण जोडलं. आता गंमत अशी झाली की बटणाला कोणी हात लावला नाही तरी पानं उलटत. लेखक खुर्चीतून उठला की पान उलटे. मुलगी जवळून गेली की पान उलटे. शेजारी मिक्सर लागला की तीन पानं. आईने हे पाहिलं आणि टॅबला हात जोडले. खुलासा तितका अलौकिक नव्हता. बटण सुटलेलं असताना बोर्डाची ती तार नुसती लोंबकळत असते आणि आकाशवाणीच्या अँटेनासारखी भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडते. उपाय प्रोग्राममधला एक शब्द, 'पुलअप'. त्याने तार आतून पाच व्होल्टला टेकवून ठेवली जाते. हा एक शब्द सापडायला लेखकाला दोन रात्री लागल्या. आईचा मात्र अजूनही पहिल्या कारणावरच जास्त विश्वास आहे.

मग बटण दाबल्यावर एकाऐवजी चार पानं उलटू लागली. बटणातले पत्रे एकमेकांना टेकताना गुण्यागोविंदाने टेकत नाहीत. काही मिलिसेकंद ते थडाथडा उसळत राहतात. माणसाला हे कळत नाही, पण सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालणाऱ्या बोर्डाला प्रत्येक उसळी वेगळी ऐकू येते. कंडक्टरने एक घंटी मारावी आणि ड्रायव्हरला अकरा ऐकू याव्यात, तसा प्रकार. पहिली घंटी ऐकली की ५० मिलिसेकंद कान झाकून बसायचं, असं बोर्डाला शिकवल्यावर तो ताळ्यावर आला.

तर अशा रीतीने पेडल तयार झालं. दाबलं की एक पान, पुन्हा दाबलं की आणखी एक. लेखकाने ते लाकडी पाटावर पक्कं बसवलं, पाटाखाली रबर लावलं, वर मुलीकडून पावलाचं चित्र काढून घेतलं आणि गुरुवारी सन्मानाने मंडळात नेलं. बारा जणी सतरंजीवर बसल्या. आईसमोर पाट ठेवला. लेखक म्हणाला, "हं, आता पायाने दाब."

आईने पाटाकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं.

"कुठल्या पायाने?"

भजनाला बायका मांडी घालून बसतात. हे महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही जाणतं. लेखक लहानपणापासून त्याच सतरंजीच्या कडेला खिरापतीची वाट बघत बसलेला आहे, तोही मांडी घालूनच. चौदा रात्री त्याने पायाच्या बटणावर घालवल्या आणि पाय असतात कुठे, हे एकदाही पाहिलं नाही.

पेटीवाल्या काकूंनी तोडगा सुचवला, "गुडघ्याखाली सरकवा की." सरकवलं. आईचा गुडघा आधीच कुरकुरणारा. प्रत्येक पानागणिक "आई गं" असा एक स्वर लागू लागला आणि ढोलकीवाल्या वहिनी त्यावर समेवर येऊ लागल्या. दुसऱ्या अभंगाला पाट सतरंजीबाहेर गेला.

जेफ हॉकिन्सने हे असं केलं नसतं. पाम कंपनीचं 'पायलट' नावाचं खिशातलं यंत्र १९९६ साली बाजारात आलं, त्याआधी या गृहस्थाने गॅरेजमध्ये त्याच मापाचा लाकडाचा तुकडा तासून घेतला आणि तो शर्टाच्या खिशात घालून फिरला. बैठकीत कोणी वेळ मागितली की तुकडा काढायचा, खाण्याच्या चिनी काडीने त्यावर टकटक करायचं आणि कॅलेंडर बघितल्याचा आव आणायचा. लोक हसले असतील. पण खिशात काय मावतं आणि हातात काय टोचतं, हे त्याला एकाही तारेला डाग न देता कळलं. लेखकाला हा किस्सा पाठ होता. तो त्याने मित्रांना तीनदा सांगितलेलाही आहे. चपलांचा एक रिकामा खोका आईसमोर ठेवून "समज, हे पेडल" एवढं म्हणायला दोन मिनिटं लागली असती, आणि चपलांचा खोका तर फुकट होता.

घरी परतल्यावर पत्नीने कागदाची बेरीज केली. ८०, ३५०, १५०, २५०, ५५०, ४००, ७५०, ६५०, १२०. एकूण ३३००.

"अहो, निराश होऊ नका," ती म्हणाली. "तयार पेडलपेक्षा अजून सातशे रुपये वाचतायत."

माणूस इथे थांबला असता. पण लेखकाच्या वाचनात 'मेकी मेकी' आली. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम या दोघांनी २०१२ साली लोकवर्गणीतून आणलेला हा बोर्ड. वीज किंचितशी जरी वाहून नेणारी वस्तू असेल तर तिचं बटण होतं. लोकांनी केळ्यांचे पियानो वाजवले. वर्गणी पंचवीस हजार डॉलर मागितली होती, मिळाली पाच लाखांहून जास्त. केळं जर बटण होतं, तर काशाचे टाळ का नाही? दोन हात, दोन टाळ, एकाला एक तार, दुसऱ्याला दुसरी. टेकले की सर्किट पूर्ण. पाय लागत नाही, गुडघा लागत नाही, खर्च शून्य. लेखक पहाटे तीनला अंथरुणात उठून बसला.

टाळ तर प्रत्येक मात्रेला वाजणार, ही अडचण त्याने लगेच ओळखली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. त्यावरचा उपायही चांगला होता: नुसते वाजले तर काही नाही, दोन सेकंद एकमेकांना चिकटवून धरले तर पान पुढे. टाळांच्या दोरीवरून बारीक तारा चिकटपट्टीने नेल्या.

"मला काय अतिदक्षता विभागात घातलंयस का रे?" आई म्हणाली. पण घरी प्रयोग झकास झाला. आई टाळ चिकटवून धरी आणि पान उलटे. दहापैकी दहा वेळा.

एकादशीला बाहेरचे लोकही आले होते. जयघोष झाला, रूपाचा अभंग सुरू झाला, पहिल्या चरणाला टाळ वाजले. दोन सेकंद सगळं ठीक होतं.

नंतर जे घडलं त्याचं कारण लेखकाला त्याच रात्री सापडलं. टाळ टेकल्यापासून बोर्ड वेळ मोजायला लागे, पण टाळ सुटल्यावर घड्याळ परत शून्यावर आणायचं लेखक विसरला होता. घरी आईने टाळ नुसते चिकटवले होते, कधी वाजवले नव्हतेच. त्यामुळे पहिल्या दोन सेकंदांनंतरचा प्रत्येक ठोका बोर्डाच्या दृष्टीने 'बराच वेळ धरलेला' होता. प्रत्येक ठोक्याला एक पान. रूपाच्या अभंगाचा दुसरा चरण येईतो टॅबवर गवळण होती. निम्म्या जणी पाठांतरावर तगून राहिल्या. खड्या आवाजाच्या काकूंची मात्र पडद्यावर निष्ठा. त्या दिसेल ते म्हणत गेल्या: गवळणीची एक ओळ, भारुडातली अर्धी, मध्येच वासुदेव. त्यांचा आवाज मोठा, म्हणून बाकीच्यांना वाटलं आपलंच चुकतंय. त्याही पडद्याकडे बघू लागल्या. लय वाढली तशी पानं वाढली, पानं वाढली तशी बायकांची धांदल वाढली, आणि धांदल वाढली तशी लय. शेवटी टॅबवर आरती आली.

आरती म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी निरांजन लावलं. नेहमी दीड तास चालणारं भजन अकरा मिनिटांत संपलं आणि लोकांच्या हातावर साबुदाण्याची खिचडी पडली, तेव्हा ती अजून गरम होती. दोघांचौघांनी आईला मुद्दाम भेटून सांगितलं की आजचं भजन फार छान, आटोपशीर झालं.

सध्याची व्यवस्था अशी. जुन्या संशोधनात लेखकाला एक धागा मिळाला. ऐंशीच्या दशकात आयबीएममध्ये जॉन गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बघायचं होतं, की बोललेलं टाइप करणारं यंत्र लोकांना आवडेल का. असं यंत्र अस्तित्वात नव्हतं. त्यांनी माणसाला मायक्रोफोनसमोर बसवलं आणि दुसऱ्या खोलीत एक टायपिस्ट बसवला. माणूस बोले, टायपिस्ट ऐकून टाइप करी, आणि माणसाच्या समोरच्या पडद्यावर शब्द उमटत.

लेखकाने पायाच्या बटणाची तार पाच मीटर लांब केली. ती सतरंजीखालून जाते, सोफ्याला वळसा घालते आणि पडद्यामागे लेखकाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात संपते. ती चरण ऐकते आणि हाताने बटण दाबते. धृपद परत घेतलं तर थांबते. काकूंनी आलाप लांबवला तर तोवर चिवडा खाते. एका भजनाचे वीस रुपये आणि चिवडा, असा करार आहे. फ्रिजवरच्या कागदाला दुसरा कागद जोडला आहे.

मंडळात यंत्राची फार तारीफ होते. "त्याला अभंग कळतो हो," असं पेटीवाल्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. परवा पलीकडच्या सोसायटीच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई मुद्दाम बघायला आल्या. त्यांना असली दोन हवी आहेत.

"कितीला पडलं हो हे?" त्यांनी विचारलं.

"तीनशे," आई म्हणाली. "पण मुलाने घरच्या घरी केलंय ना."

पडद्यामागून आवाज आला, "बाबा, त्यांना सांग, पुढच्या गुरुवारी माझा गणिताचा पेपर आहे."